जादा पॉझिट्रॉन आणि क्षय पावणारे कृष्णद्रव्य: हिशेब कुठे जुळतो, कुठे अडतो

प्रश्न एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. वैश्विक किरणांमध्ये, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांमध्ये, जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित प्रतिकण) अपेक्षेपेक्षा बरेच जास्त सापडतात. कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या आणि फक्त गुरुत्वाकर्षणावरून कळणाऱ्या द्रव्याचे, कण अतिशय सावकाश क्षय पावत असतील, तर हे जादा पॉझिट्रॉन त्यातून आले असे म्हणता येईल का? की पल्सार, म्हणजे फिरते न्यूट्रॉन तारे, हा दुसरा उमेदवार पुढे आल्यावर तो विषयच संपला?

मी बरीच वर्षे वैश्विक किरणांच्या प्रवासाची गणिते करतो आहे आणि या प्रश्नावर माझे स्वतःचे मत एकदा बदललेले आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल. मत आधीच सांगून टाकतो: क्षयाची कल्पना पॉझिट्रॉनच्या आकड्यांवर कधीच हरली नाही, आजही ती त्या आकड्यांवर बसवता येते. ती अडचणीत आली गॅमा किरणांमुळे. आणि हे का झाले ते समजणे पल्सारचे नाव पाठ करण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे.

आधी ‘जादा’ कशाच्या तुलनेत ते पाहू. आकाशगंगेत फिरणारे प्रोटॉन ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण, पायॉनमधून म्यूऑन आणि म्यूऑनमधून पॉझिट्रॉन तयार होतात. हे दुय्यम पॉझिट्रॉन. जितकी ऊर्जा जास्त तितके वैश्विक किरण आकाशगंगेतून लवकर निसटतात. बोरॉन आणि कार्बन यांच्या गुणोत्तरावरून हे चांगले मोजलेले आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मिळून जे काही येते त्यात पॉझिट्रॉनचा वाटा ऊर्जेबरोबर घटत जायला हवा. १९९४-९५ मध्ये हीट नावाच्या उपकरणाने फुग्यांतून केलेल्या मोजणीत थोडी शंका आली होती. पामेला हे उपकरण जून २००६ मध्ये रशियन उपग्रहावरून गेले आणि त्याने १०० जीईव्हीपर्यंत (जीईव्ही हे कणांची ऊर्जा मोजायचे एकक, हजार जीईव्ही म्हणजे १ टीईव्ही) स्पष्ट दाखवले की सुमारे १० जीईव्हीच्या पुढे हा वाटा वाढतो आहे. तो निकाल एप्रिल २००९ मध्ये छापून आला, पण २००८ च्या उन्हाळ्यातच परिषदांमध्ये पडद्यावर दिसला होता. लोकांनी पडद्याचे फोटो काढले, त्यावरून बिंदू वाचले आणि निकाल छापून येण्याआधीच त्यावर सैद्धांतिक लेख लिहिले. त्या महिन्यांतली धांदल मला चांगली आठवते.

फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीत विद्युतभार ओळखायला चुंबक नाही. तरी तिने पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्राचा चाळणीसारखा उपयोग करून तीच वाढ दाखवली. मग एएमएस-०२ आले. सॅम्युअल टिंग यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले हे साडेसात टनांचे उपकरण मे २०११ मध्ये अवकाश स्थानकावर बसले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याचा पहिला निकाल आला. शंकेला तिथे पूर्णविराम मिळाला.

मोजणी किती अवघड आहे ते एका पॉझिट्रॉनच्या वाटेने जाऊन पाहण्यासारखे आहे. १०० जीईव्हीच्या आसपास एका पॉझिट्रॉनमागे हजारांच्या पटीत प्रोटॉन येतात, आणि दोघांचाही विद्युतभार धनच. चुंबक दोघांनाही एकाच बाजूला वळवतो. म्हणून एएमएसमध्ये सगळ्यात वर वीस थरांचा एक शोधक आहे. त्यातून हलका पॉझिट्रॉन जाताना क्ष-किरण सोडत जातो, दोन हजार पट जड प्रोटॉन त्याच ऊर्जेला जवळजवळ काहीच सोडत नाही. मग चुंबकातली वक्र वाट. आणि तळाशी शिसे व चकाकणाऱ्या तंतूंचा ठोकळा, ज्यात पॉझिट्रॉन आपली सगळी ऊर्जा एका आटोपशीर वर्षावात ओतून संपतो, तर प्रोटॉनचा वर्षाव खोल आणि विस्कटलेला पडतो. वरच्या शोधकाचा आणि तळाच्या ठोकळ्याचा कौल एक झाला, आणि चुंबकातून मोजलेला संवेग तळाच्या ऊर्जेशी जुळला, तरच तो पॉझिट्रॉन. २०१९ मध्ये एएमएसने असे १९ लाख पॉझिट्रॉन मोजून सांगितले की प्रवाह सुमारे २५ जीईव्हीपासून अपेक्षेच्या वर उचलतो, सुमारे २८४ जीईव्हीनंतर झपाट्याने उतरू लागतो, आणि या जादा भागाची वरची मर्यादा सुमारे ८१० जीईव्हीला बसते. त्या शेवटच्या आकड्याची अनिश्चितता मोठी आहे, हे ध्यानात असू द्या. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात अंतराळवीरांनी चार वेळा बाहेर पडून या उपकरणाची शीतन यंत्रणा बदलली. ती पूर्ण बंद पडली असती तर पुढची मोजणी तिथेच थांबली असती.

आता कृष्णद्रव्य. सुरुवातीला बहुतेकांच्या डोक्यात क्षय नव्हता, परस्परनाश होता: कृष्णद्रव्याचे दोन कण भेटतात, नष्ट होतात आणि त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन निघतात. अडचण अशी की विश्वाच्या आरंभी कृष्णद्रव्य आजच्या प्रमाणात उरण्यासाठी परस्परनाशाचा जो वेग लागतो, त्याच्या शेकडो पट वेग पॉझिट्रॉनसाठी लागत होता. परस्परनाश घनतेच्या वर्गावर चालतो, कारण दोन कणांची गाठ पडावी लागते. म्हणजे जिथे दाटी तिथे तो अफाट वाढायला हवा: आकाशगंगेच्या केंद्रात, बटु (छोट्या) दीर्घिकांमध्ये आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना. त्या वेळी इतकी ऊर्जा ओतली गेली असती तर सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणावर, म्हणजे त्या काळापासून विश्वभर उरलेल्या मंद प्रकाशावर, त्याची खूण राहिली असती. हे प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाला ती खूण दिसली नाही, आणि पॉझिट्रॉनसाठी लागणारा परस्परनाशाचा वेग तिथे बाद झाला.

क्षयाची कल्पना आकर्षक वाटली ती याच जागी. क्षयाला जोडीदार लागत नाही. तो घनतेच्या पहिल्या घातावर चालतो. केंद्रात आणि बटु दीर्घिकांमध्ये तो डोळ्यांत भरत नाही. बाल्यावस्थेतल्या विश्वातही तो फारसा जाणवत नाही, कारण तेव्हा क्षयाला मिळालेला काळच थोडा होता.

मग आयुर्मान किती हवे? हा हिशेब तुम्ही स्वतः पाटीवर करून पाहा, अर्ध्या पानात होतो. आपल्या आसपास कृष्णद्रव्याची घनता दर घन सेंटीमीटरला साधारण ०.४ जीईव्ही. कणाचे वस्तुमान २ टीईव्ही धरले तर एका घनमीटरमध्ये दोनशे कण. आयुर्मान धरा १ वर २६ शून्ये इतके सेकंद. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे, त्याच्या सुमारे २३ कोटी पट. मग एका घन किलोमीटरमध्ये एक क्षय व्हायला दीड कोटीहून जास्त वर्षे लागतात. पृथ्वीएवढ्या जागेत मात्र दर आठ मिनिटांनी साधारण एक. इतक्या संथ गळतीतून काय साठणार असे वाटते ना? पण १०० जीईव्हीचा पॉझिट्रॉन आपली ऊर्जा गमवायला ३० लाख वर्षे घेतो. तेवढी वर्षे ही गळती साठत राहते. दराला काळाने गुणा, प्रकाशवेगाने गुणा, ४π ने भागा. एएमएसने मोजलेल्या प्रवाहाच्याच घरातला आकडा समोर येतो. पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता.

आणखी एक योगायोग त्याहून जास्त मोह पाडणारा होता. प्रोटॉन क्षय पावत असेल तर तो महाएकीकरणाच्या (गुरुत्वाकर्षण सोडून निसर्गातली बाकीची बले एक होतात त्या) प्रचंड ऊर्जेमुळे, म्हणजे १ वर १६ शून्ये इतक्या जीईव्हीच्या कणांमुळे, कमालीचा मंद असणार, असे १९७० च्या दशकापासून मानले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर जाऊन हाच क्षय शोधला होता. आज जपानमधल्या सुपर-कामिओकांदेमुळे एवढे ठाऊक आहे की प्रोटॉनचे आयुर्मान १ वर ३४ शून्ये वर्षांहून अधिक आहे. या जातीच्या क्षयात आयुर्मान वस्तुमानाच्या पाचव्या घाताने घटते. प्रोटॉनच्या जागी हजारपट जड, म्हणजे एका टीईव्हीचा कण ठेवा. आयुर्मान १ वर १५ शून्ये इतक्या पटीने खाली येते. वर्षांचे सेकंद करा: १ वर २६ शून्ये, त्याच्या दोन-तीन पट. पॉझिट्रॉनसाठी जे आयुर्मान हवे होते तेच! २००८ च्या अखेरीस अर्वानिटाकी, दिमोपूलॉस, राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडले तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना वाटले की महाएकीकरण आकाशातून दिसू लागले. मलाही तसेच वाटले होते, आणि ते वाटणे चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. आकडे खरोखरच जुळत होते.

पामेलानेच एक अट मात्र घालून ठेवली होती. प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे प्रतिकण, तिला जादा सापडले नाहीत. म्हणजे कणाचा क्षय क्वार्कमध्ये (प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या कणांमध्ये) फारसा न होता इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ या लेप्टॉन कुळाकडेच व्हायला हवा. थेट इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत झाला तर वर्णपटाला कड्यासारखी तीक्ष्ण धार यायला हवी. ती नाही. म्हणून म्यूऑन, टाऊ किंवा आधी एखादा हलका मधला कण आणि मग चार लेप्टॉन, अशा वाटा उरल्या. थोडी ओढाताण वाटते, पण अशक्य काहीच नाही.

आता खरा पेच. पॉझिट्रॉनला पत्ता नसतो. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात तो इतका भरकटतो की कुठून आला ते त्याच्या दिशेवरून सांगता येत नाही. शिवाय तो लांबून येऊच शकत नाही: १ टीईव्हीचा पॉझिट्रॉन तीन लाख वर्षांत थकतो आणि तेवढ्यात तीन-चार हजार प्रकाशवर्षांचे अंतर जेमतेम काटतो. केंद्र २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे पॉझिट्रॉन आपल्याला फक्त आपल्या गल्लीची बातमी देतात. कृष्णद्रव्याचा क्षय मात्र गल्लीपुरता असू शकत नाही. तो जिथे जिथे कृष्णद्रव्य आहे तिथे तिथे, साऱ्या विश्वात, त्याच दराने चालू असणार.

तिथे जन्मलेले इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, पण मुकाट्याने नाहीसेही होत नाहीत. १ टीईव्हीचा इलेक्ट्रॉन पार्श्वप्रारणाच्या एखाद्या थंड फोटॉनवर आदळला की तो फोटॉन सुमारे ३ जीईव्हीचा गॅमा किरण होऊन उडतो. पार्श्वप्रारण नाही अशी जागा विश्वात नाही. त्यामुळे या गॅमा किरणांपासून सुटका नाही, मग क्षय कोणत्याही लेप्टॉनमध्ये का होईना. टाऊच्या वाटेने तर पायॉनमधून वेगळे गॅमाही येतात. आणि गॅमा किरण सरळ रेषेत येतो.

फर्मीने आकाशाच्या सर्व दिशांनी सारखी येणारी मंद गॅमा पार्श्वभूमी ८२० जीईव्हीपर्यंत मोजली. २०१२ मध्ये चिरेल्ली आणि सहकाऱ्यांनी ही पार्श्वभूमी आणि फोरनॅक्स दीर्घिका-समूहाची निरीक्षणे घेऊन दाखवले की पॉझिट्रॉनसाठी जे आयुर्मान हवे त्यातून निघणारा गॅमा प्रकाश मोजलेल्यापेक्षा जास्त होतो. आमच्या गटात एका वरिष्ठांनी आम्हा दोघातिघांना तेव्हाच सांगितले होते की आधी गॅमाचा हिशेब करा, पॉझिट्रॉनची वक्ररेषा नंतर जुळवा. आम्ही उलटे केले. चार महिने वक्ररेषा जुळवण्यात गेले आणि जुळलेली प्रत्येक रेषा गॅमाच्या मर्यादेत आपटली. माझे मत बदलले ते तिथे. पुढे त्या पार्श्वभूमीचा मोठा भाग दूरच्या ब्लेझारांचा (आपल्याकडे झोत रोखलेल्या सक्रिय दीर्घिकांचा) आहे हे स्पष्ट होत गेले, तशी कृष्णद्रव्यासाठी उरलेली जागा आणखी आकसली. क्वार्ककडे जाणाऱ्या काही क्षयमार्गांसाठी आयुर्मानाची खालची मर्यादा आता १ वर २८ शून्ये सेकंदांच्या आसपास पोहोचली आहे. लेप्टॉनसाठी ती त्याहून सैल आहे, तरी पॉझिट्रॉनच्या गरजेला अडवण्याइतकी नक्कीच.

पल्सारची बाजू. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रखर चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात, ही गोष्ट पामेलाच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. या उमेदवाराला नवे भौतिकशास्त्र लागत नाही, आणि तो लेप्टॉनच देतो, प्रतिप्रोटॉन देत नाही. मिथुन राशीतला जेमिंगा आपल्यापासून सुमारे ८०० प्रकाशवर्षांवर आहे, वय साधारण ३ लाख ४० हजार वर्षे. मिलानच्या बोलीत या नावाचा अर्थ ‘तो तिथे नाही’ असाही होतो, कारण गॅमा किरणांत दिसणारा हा स्रोत इतर प्रकाशात कितीतरी वर्षे सापडत नव्हता. त्याच्याच जवळपास मोनोजेमचा पल्सार आहे, त्याहून तरुण.

२०१७ मध्ये मेक्सिकोतल्या सिएरा नेग्रा डोंगरावरच्या हॉक वेधशाळेने या दोघांभोवती टीईव्ही ऊर्जेच्या गॅमा किरणांची रुंद प्रभा पाहिली. पौर्णिमेच्या चंद्राच्या कित्येक पट मोठी. म्हणजे तिथून जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन खरोखर बाहेर पडत आहेत. पण प्रभेच्या आकारावरून असे निघाले की ते तिथून सुमारे शंभर पट सावकाश झिरपतात. हॉकच्या मंडळींनी निष्कर्ष काढला की हे पॉझिट्रॉन आपल्यापर्यंत पोहोचणारच नाहीत, आणि कृष्णद्रव्याच्या आशा पुन्हा पालवल्या. तो निष्कर्ष घाईचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. झिरपणे सगळीकडेच इतके संथ असते तर हेस या जमिनीवरच्या गॅमा दुर्बिणींनी नोंदवलेले १० टीईव्हीच्या पुढचे इलेक्ट्रॉन पृथ्वीपर्यंत आले कसे? ते तर तीसेक हजार वर्षांतच थकतात. सरळ अर्थ असा की पल्सारभोवतीचा पट्टा खवळलेला आहे आणि तिथे चाल संथ आहे, त्याबाहेर ती नेहमीसारखी आहे. असे धरले की पल्सारांचे पॉझिट्रॉन इथवर येतात आणि आकडा बसतो. मात्र त्यात एक सोय आहे हे कबूल केले पाहिजे: प्रत्येक पल्सार किती टक्के ऊर्जा जोड्यांना देतो आणि भोवतीचा संथ पट्टा किती मोठा आहे, हे आपण प्रभांवरून अंदाजाने घेतो.

एका नावाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. रामनाथ कौसिक, मूळचे टाटा संस्थेचे. वैश्विक किरण आपल्या उगमाजवळच काही काळ अडकून राहतात असे मानले तर जादा पॉझिट्रॉनला ना कृष्णद्रव्य लागते ना पल्सार, असे त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. मला ते पटत नाही, कारण मग २८४ जीईव्हीनंतरचा उतार समजावणे जड जाते. पण ‘जादा’ हा शब्दच मुळात आपल्या प्रवास-गणितावर उभा आहे, ही त्यांची जाणीव प्रत्येक विद्यार्थ्याने मनाशी धरावी.

दिशेवरून काही कळेल का? एखादाच जवळचा पल्सार कारणीभूत असेल तर त्या बाजूने किंचित जास्त पॉझिट्रॉन यावेत. एएमएसला असा भेद दिसलेला नाही, वरची मर्यादा सुमारे २ टक्के आहे. पल्सारांकडून अपेक्षित भेद त्याहूनही लहान असू शकतो. त्यामुळे हे ना पल्सारच्या विरुद्ध जाते ना बाजूने.

तर तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. सगळे जादा पॉझिट्रॉन क्षयातून येतात, ही कल्पना गॅमा पार्श्वभूमीपुढे टिकत नाही. कृष्णद्रव्य क्षय पावतच नाही असे मात्र यातून निघत नाही. आयुर्मान दहा पट जास्त धरा. क्षयाचे पॉझिट्रॉन मग पल्सारांच्या ढिगाऱ्याखाली दहावा हिस्सा होऊन पडून राहतील, आणि आपल्याला एएमएसच्या आलेखात ते वेगळे काढता येणार नाहीत. पॉझिट्रॉनच्या आणखी मोजणीने हे सुटेल असे मला वाटत नाही. पार्श्वभूमीतून ब्लेझार आणि ताराजन्मी दीर्घिका एकेक करून वजा करत गेल्यावर काय उरते, तिथे मी पाहतो आहे. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर तेच काम घ्या. आणि सुरुवात करताना वर दिलेला दोनशे कणांचा हिशेब पॉझिट्रॉनऐवजी गॅमासाठी करा: विश्वाच्या वयाएवढ्या काळातली सगळी गळती, सगळ्या दिशांनी, एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती. आलेला आकडा फर्मीच्या आलेखावर पेन्सिलीने मांडा, आयुर्मान एकेका शून्याने वाढवत जा, आणि तुमची रेषा मोजलेल्या बिंदूंच्या खाली पहिल्यांदा कुठे उतरते ते मला कळवा.